दिवेलागणीचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, तिथल्या लोकांनी ठरवलं, की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि गावातले सगळे टीव्ही, सगळे मोबाइल बंद होतील. साडेआठला दुसरा भोंगा, मग ज्याला जे लावायचं ते लावावं. ही बातमी रायगडच्या खालापूर तालुक्यातल्या आमच्या कुंभिवलीत आली ती अर्थातच मोबाइलवर. वाचणाऱ्याने ‘छान उपक्रम’ म्हणून अंगठा दाखवला, आणखी चार ग्रुपांवर टाकली आणि पुन्हा रील बघायला लागला.

मी खालापूर आणि शेजारच्या कर्जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत उभी नोकरी केली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ‘बाई, पोराच्या हातचा मोबाइल सुटत नाही, तुम्ही तरी सांगा’ म्हणत आया अजून ओटीवर येतात. त्यांना द्यायला माझ्याकडे मंत्र नाही. पण वडगावचं वाचलं आणि वाटलं, हे आपण आधी पाहिलेलं आहे. घरात आलेल्या प्रत्येक नव्या यंत्राला आमच्याकडच्या माणसांनी काही ना काही दावं बांधलं होतं. ते कुणी बांधलं आणि केव्हा सुटलं, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

सुरुवात यंत्राच्याही आधीपासून करायला हवी. माझे वडील शाळामास्तर. दिवेलागणीला आई राखेने कंदिलाची काच पुसायची, देवापाशी दिवा लागायचा आणि आम्ही भावंडं मांडी घालून परवचा म्हणायला बसायचो. आधी शुभंकरोति, मग तीसपर्यंत पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. औटकीला माझी गाडी हमखास अडायची. वडील सदरा खुंटीला अडकवून आमच्यासमोर बसायचे. त्या वेळात कुणी त्यांना भेटायला आलं, तर आई बाहेरच सांगायची, ‘परवचा चाललाय, बसा थोडं.’ बसणारा बसायचा. म्हणजे परवच्याने बांधलेली माणसं दोन होती, पोरं आणि बाप. पोरांचंच तेवढं आपल्या लक्षात राहिलं.

हे चित्र घरोघरी नव्हतं, हेही आत्ताच सांगून टाकते. ज्या घरचा बाप दुसऱ्याच्या शेतावरून अंधार पडल्यावर यायचा, तिथे कसला परवचा? ठाकूरवाडीत, कातकरवाडीत घासलेटची बाटलीच अर्धी असायची. ‘आमच्या वेळी संस्कार होते’ असं जे सारखं ऐकू येतं, ते गावातल्या मोजक्या ओट्यांवरून बोललेलं असतं.

आणि हा सगळा अंधार कुठल्या मुलखात, तर जिथे वीज तयार होत होती तिथे. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ पासून मुंबईच्या गिरण्या चालवत होतं. लोणावळ्याच्या अंगाला धरणांत साठवलेलं पावसाचं पाणी मोठाल्या नळांतून घाटाखाली यायचं, त्याची वीज मुंबईला जायची आणि उरलेलं पाणी पाताळगंगेत. आमच्या वाट्याला पाणी आलं, वीज डोक्यावरून गेली. १९४२ मध्ये माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने या भागातले विजेचे मनोरे पाडले ते मुंबईचे कारखाने थांबावेत म्हणून. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर कोतवाल मारले गेले. त्याआधी याच माणसाने शेतकऱ्यांच्या पोरांसाठी गावोगाव शाळा चालवल्या होत्या, हे हल्ली जयंतीच्या भाषणात एका वाक्यात उरकतात. मनोरे पाडणाऱ्यांची पोरं आणि मनोरे राखणाऱ्यांची पोरं, दोघंही चिमणीच्या उजेडातच शिकत होती.

आमच्या घरी दिवा आला तेव्हा मी सातवीत होते आणि रायगड जिल्ह्याचं नाव अजून कुलाबाच होतं. चाळीसचा एकच बल्ब, माजघरात. त्यामुळे वाचायचं असो, निवडायचं असो की शिवायचं, सगळे त्याच्याखाली. दिवा एक असला की घर एकत्र बसतं, यात संस्काराचा भाग फारसा नाही.

रेडिओ आला तो आधी लायसन घेऊन. त्या काळी रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागायचा, वर्षाला पैसे भरून पुस्तकावर शिक्का मारून आणायचा. ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत होती. तिचा एक परिणाम असा, की यंत्र घराच्या कर्त्या माणसाच्या नावावर आहे, हे पोराटोरांना पक्कं ठाऊक असायचं. बटणाला हात लावला की पाठीत धपाटा. सेल महाग, म्हणून बातम्या झाल्या, कीर्तन झालं, की बंद.

रेडिओचा त्याहून शहाणा वापर मात्र सरकारने करून पाहिला होता, आमच्याकडे नाही तर घाटावर. १९५६ मध्ये आकाशवाणी पुणे केंद्र आणि युनेस्को यांनी मिळून पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत रेडिओ मंडळं काढली. वीसेक माणसं एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायची, संपला की रेडिओ बंद करायची आणि ऐकलेल्यावर बोलायची. कुणाला काय पटलं, काय नाही, ते लिहून केंद्राला कळवायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला, पॉल न्यूरथ यांनी अहवाल लिहिला, आणि जगातल्या पुष्कळ देशांनी हा प्रयोग उचलला. मला त्यातलं काय आवडतं सांगू? कार्यक्रमाला शेवट होता आणि शेवटानंतर माणसं होती. आजच्या फोनमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा पुढे येऊन उभा.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. मी लग्न होऊन कुंभिवलीत आले तेव्हा आळीत एकच टीव्ही होता, आणि तो आमच्याच ओटीवर. लाकडी कपाटाचा, पुढे सरकती दारं, दारांना कुलूप. हल्लीच्या मुलांना हे सांगितलं तर खोटं वाटतं. किल्ली सासूबाईंच्या कनवटीला असायची. त्यांना स्वतःला ‘आमची माती आमची माणसं’ आवडायचं, रविवारचा सिनेमा अजिबात नाही, पण आळीसाठी त्या उघडायच्या. पडद्यावर मुंग्या आल्या की एक पोरगा कौलांवर, एक अंगणात, एक टीव्हीपाशी, आणि ‘आलं का’, ‘गेलं’, ‘थोडं डावीकडे’ अशी बोलाचाली. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी साडेनऊला रामायण लागायला लागलं, तेव्हा ओटी पुरेना, अंगणात गोणपाटं टाकावी लागली. त्या गर्दीत कुणाची जात विचारली गेली नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण कोण ओटीवर आणि कोण अंगणात, हे मी रोज पाहत होते.

तरी एक खरं. त्या काळात आमच्या गावातलं एकही मूल एकटं बसून टीव्ही बघत नव्हतं, कारण ते शक्यच नव्हतं. पडद्यावर काही वावगं दिसलं की कुणी तरी खाकरायचं. काही कळलं नाही तर मूल तिथेच विचारायचं आणि दहा जण दहा उत्तरं द्यायचे.

शाळेत काय होतं? पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली. मराठी मुलांसाठी मराठीत शैक्षणिक चित्रफिती बनवणारी ही सरकारी संस्था. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागायचे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर सरकारने शाळांना रंगीत टीव्ही आणि रेडिओ-कॅसेट प्लेअर दिले. मी ज्या एका शाळेत होते तिथेही टीव्ही आला. त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात झाली आणि टीव्ही कपाटात गेला, कारण मोडला तर वसुली कुणाकडून? वर्गात चारी भिंतींत मिळून एक प्लग पॉइंट नव्हता, हा आणखी एक मुद्दा. शेजारच्या केंद्रातल्या एका गुरुजींनी मात्र बेधडक टीव्ही बाहेर काढला. कार्यक्रम दाखवायचा, मग बंद करून मुलांना पटांगणात न्यायचं आणि पाहिलेलं करून बघायचं. बी रुजताना पाहिलं, तर वालाचे दाणे ओल्या फडक्यात. पुण्याच्या रेडिओ मंडळांचं त्यांनी कधी नावही ऐकलं नसणार. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद पडली. तेव्हा प्रत्येक खिशात पडदा आला होता, आणि मुलांसाठी मराठीत विचार करून काही बनवणारं सरकारी घर त्याच वेळी कुलूपबंद झालं. याचा मला अजून राग आहे.

कुलपांवरून आठवलं. नव्वदच्या दशकात गावात फोन आले. बिल येईल म्हणून डायलच्या भोकात एक छोटं कुलूप अडकवायचे. आमच्या धाकट्या दिराने आठवडाभरात शोधून काढलं, की रिसीव्हर ठेवायचा खटका ठरावीक वेळा टकटक दाबला की कुलूप असूनही नंबर लागतो. पासवर्ड टाकला म्हणजे मूल सुरक्षित झालं असं समजणाऱ्या आईबापांना मी ही गोष्ट सांगते. कपाटाचं कुलूप टिकलं, कारण किल्लीवाली बाई ओटीवर बसलेली होती. डायलचं टिकलं नाही, कारण कुलूप लावून सगळे शेतावर गेलेले होते.

मध्ये भारनियमनाचा काळ आला. २००५ नंतरची काही वर्षं वीज इतकी जायची, की संध्याकाळी महावितरणच घराघरातले टीव्ही बंद करून टाकायचं. लोकांनी शिव्या घातल्या, मीही घातल्या. दहावीच्या पोरांचे हाल झाले.

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि काही महिने डेटा फुकट मिळाला. त्याआधीही गावात मोबाइल होते, पण ते बोलायचे होते. आता ते बघायचे झाले, आणि प्रत्येकाचा वेगळा. लायसन नाही, किल्ली नाही, अँटेना धरायला दुसरा माणूस लागत नाही. साठ वर्षांत प्रत्येक यंत्राभोवती जी माणसं बसलेली असायची, ती या एका यंत्राने उठवली. माझ्या मते मुलांच्या मोबाइलचा प्रश्न तिथे सुरू होतो. किती तास, हा त्यातला बारका भाग.

शाळेतही तेव्हाच वारं फिरलं. सरकारचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम २०१५ चा. लोकवर्गणीतून, कंपन्यांच्या मदतीतून शाळा ‘डिजिटल’ होऊ लागल्या. सोलापूरच्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवून वापरला आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. चांगलंच झालं. पण बाकीच्या गुरुजींच्या हातात फोन कशासाठी होता? माहिती भरायला. पटाची माहिती, पोषण आहाराची माहिती, वरून कुणी मागितलेली आणि काल पाठवूनही पुन्हा मागितलेली माहिती. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर दर सोमवारी मुलांबरोबर सेल्फी काढून हजेरी कळवा, असा शासन आदेश निघाला. शिक्षकांनी ओरड केली म्हणून तो बारगळला. मी त्याच वर्षी निवृत्त झाले, थोडक्यात सुटले. वर्ग चालू असताना बाई फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या मुलांनी पाहिल्या. त्या शासनाचं काम करत होत्या की व्हॉट्सॲप बघत होत्या, हे पहिलीतल्या पोराने कसं ओळखावं?

करोनात मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडावर आलं, खांब आडवे झाले. आणि १५ जूनला शासन निर्णय आला: पहिली-दुसरीला ऑनलाइन वर्ग नाहीत, तिसरी ते पाचवीला दिवसाला एक तास, सहावी ते आठवीला दोन, नववीपुढे तीन. पुढच्याच महिन्यात तो बदलून बालवाडीच्या मुलांनाही अर्धा तास मिळाला. जिल्ह्यात कितीतरी ठिकाणी दिवे नव्हते, तेव्हा आम्ही पडद्याचे तास वाटत होतो. ज्या घरात एकच फोन, तिथे तो बापाबरोबर कंपनीत. मी तेव्हा नोकरीत नव्हते, पण ओळखीच्या तरुण बाईंबरोबर वाडीवर कागद वाटायला गेले आहे. झाडाखाली सहा-सात पोरं, तोंडाला रुमाल, हातात झेरॉक्स.

याच पावसाळ्यात पालघर जिल्ह्यात, मोखाड्याकडच्या आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनच्या मंडळींनी भोंगा लावून शिकवलं. फोन नाहीत, तर फोनचं काम भोंग्याने करायचं. मुलं अंतर ठेवून बसायची, धडा ऐकायची, भोंग्यातून आलेल्या प्रश्नाची उत्तरं ओरडून द्यायची. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागायला लागली, पहिली ते आठवीसाठी, तीही फोनशिवाय बघता येणारी. आणि दोन वर्षांनी वडगावचा भोंगा. एक पोरांना फोन नाही म्हणून वाजला, दुसरा फोन आहे म्हणून. मधल्या दोन वर्षांत शाळेनेच पोरांच्या हाती फोन दिला होता, तोही अभ्यासाचं कारण सांगून. आता शाळेनेच तो सोडवायला सांगावं, हे पोरांना विचित्र वाटलं तर त्यांचं चुकलं कुठे?

‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली ५७ टक्के, सोशल मीडियासाठी वापरलेली ७६ टक्के. दोन्हीसाठी फोन एकच, हे लक्षात घेतलं म्हणजे ‘अभ्यासाला हवाय’ या वाक्याचा अर्थ नीट लागतो.

वडगावात काय घडलं ते नीट पाहण्यासारखं आहे. करोनानंतर मुलं वर्गात बसेनात, अशी शिक्षकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांनी विषय काढला तेव्हा पुरुषमंडळी हसली. मग बायकांना एकत्र बोलावलं, आणि आमचंच मालिका बघणं जास्त होतंय, हे त्यांनी कबूल केलं. गाव हललं ते त्या कबुलीने. भोंगा नंतर बसवला. आशा सेविका, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. २०२२ च्याच नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांसी गावाने वेगळा ठराव केला: अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलच नाही. मला विचाराल तर वडगावचा ठराव बरा. त्याने मोठ्यांनाही बांधलं, परवच्याने वडिलांना बांधलं होतं तसंच. बांसीत पोरांना बंदी आणि बापाच्या खिशात फोन. असला नियम मूल मोठं व्हायची वाट बघत पाळतं.

बाहेरही हेच घोळ चालू आहेत. फ्रान्सने २०१८ मध्ये कायद्याने शाळेत फोन बंद केले, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियाची दारं बंद करणारा कायदा केला. पण फोन इतका सरसकट वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि त्याचं कारण इथलंच आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. वाडीच्या शाळेत रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर खेळत बसलेल्या काही पोरांना पहिल्यांदा आवाज कळला आणि त्यांनी बाकीच्यांना उठवलं, असं तेव्हा पेपरात आलं होतं. ‘झोपा आता, ठेवा तो फोन’ असं त्यांना त्या रात्री कुणी म्हटलं असतं, तर ते बरोबरच ठरलं असतं. मी शिक्षिका म्हणून नक्की म्हटलं असतं. या गोष्टीतून काय शिकायचं ते मला कळलेलं नाही, आणि ती पोरं एकत्र बसून खेळत होती, एवढ्यावर मी काही उभं करणार नाही.

कुंभिवलीत सातचा भोंगा चालणार नाही. सावरोली–खारपाडा रस्त्यावरच्या कंपन्यांनी आमचं घड्याळ केव्हाच बदललं. दुसऱ्या पाळीचा बाप तीनला जातो, रात्री अकरानंतर येतो. त्याच्या जेवणाच्या सुट्टीत जो व्हिडिओ कॉल येतो, तेवढंच त्याचं पोराशी बोलणं. ते भोंग्याने तोडायचं? म्हणून आमच्या आळीतल्या सुनांनी आपापसात वेगळं ठरवलं. साडेसहा ते साडेसात फोन बाजूला, मोठ्यांचेही. रोज एका घरची बाई आळीतल्या पोरांना घेऊन बसते. मी पावकी-निमकी काढली, तर सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. सध्या वर्तमानपत्र मोठ्याने वाचणं आणि गणितं चालतात. माझ्या नातवाने पहिल्याच दिवशी ‘आजी, तुझं यूट्यूबवरचं कीर्तनही बंद’ म्हणून माझा फोन उचलून फडताळात टाकला. सासू-सुनांचं कधी नव्हे ते एकमत झालं. एका सुनेची शंका अजून निकाली निघालेली नाही: चार्जिंगला लावलेला फोन वाजला, तर नाव बघायला उठायचं की नाही?

कातकरवाडीवर यातलं काही लागू पडत नाही. तिथे बाप घरी येतो तेव्हा फोन घरी येतो, आणि दिवाळीनंतर बाप, आई, पोरं आणि फोन सगळेच वीटभट्टीवर. तिथे बंद करायचा तास ठरवून उपयोग नाही, फोन उघडल्यावर शेजारी बसणारं कुणी तरी हवं. वाडीतली एक मुलगी बारावी झाली आहे, ती संध्याकाळी तासभर बसायला तयार आहे. जागा म्हणून अंगणवाडीची खोली मागितली आहे. तिथे दिवा आहे, पंखा नाही. अर्ज ग्रामपंचायतीत दिला आहे, पुढच्या ग्रामसभेत येईल असं सांगितलंय.